आकाशालाही बांध असतात

आकाशाला बांध नसतात, असे मला लहानपणी वाटे. ते खरे नाही. फिनलंडमधील हेलसिंकी आणि जपानमधील टोकियो यांच्यातील हवाई अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर. १९८३ साली येथे थेट विमानसेवा सुरू झाली, तेव्हा सोव्हिएत हद्द टाळून उत्तर ध्रुवावरून जाण्यास सुमारे १३ तास लागत. पुढे सायबेरियावरून वाट मिळाली आणि प्रवास साडेनऊ तासांवर आला. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले, युरोप व रशिया यांनी एकमेकांना आकाश बंद केले आणि पुन्हा तेच १३ तास! अंतर मात्र तसूभरही वाढले नव्हते.

आमच्या गावी शाळा एका शेतापलीकडे होती. भावकीच्या भांडणात बांधावरची वाट अडली आणि आम्ही पोरे ओढ्याला वळसा घालून जाऊ लागलो. त्या वळशापायी माझ्या बहिणीची शाळा सुटली. घरातून कॉलेजात आलो तो मी एकटाच.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे : अंतर निसर्ग ठरवतो, वेळ माणूस ठरवतो. भांडण मोठ्यांचे असते. वळसा मात्र भलत्याच्याच पायांना पडतो.