जुने यंत्र, ताठ मान

माणगाव परिषदेचा (१९२०) वारसा सांगणाऱ्या हातकणंगले तालुक्यात आजही रोजंदारीवरच्या घराला मुलांसाठी नवा संगणक परवडत नाही. मग जुना घ्यायला लाज कसली? बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा घेऊन जुनी पुस्तकेच विकत घेतली होती. मनुस्मृतीने आमच्या माथी मारलेली मालकाची जीर्ण वस्त्रे ही लाचारी होती. घामाच्या पैशाने पारखून घेतलेली जुनी वस्तू हा स्वाभिमान आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले आणि अनेक धडधाकट संगणक बाद ठरले. त्यांवर मोफत लिनक्स घातले तर मुलांचा अभ्यास चालतो. बांधवांनो, बॅटरी तपासा, पावती घ्या. पण दिखाव्यासाठी कर्ज काढू नका!