गुडघ्याला बाशिंग कीं वरातीमागून घोडें?

आमचा एक भाचा एका संस्थेचे सर्व्हर सांभाळतो. परवां तो घरीं आला असतां म्हणाला, "मामा, सुरक्षेचें एक नवें अपडेट येऊन तीन आठवडे झाले, पण साहेब म्हणतात, चालत्या गाड्यास खीळ कशाला घालतां? तें बसवावें कीं थांबावें?"

प्रश्न यंत्राचा खरा. उत्तर मात्र मनुष्याच्या विवेकानेंच द्यावयाचें आहे.

विलंबाचें फळ जगानें २०१७ सालीं पाहिलें. विंडोजमधील एक छिद्र बुजविणारें अपडेट मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च रोजीं प्रसिद्ध केलें होतें. पुष्कळांनीं तें बसविलें नाहीं. १२ मे रोजीं त्याच छिद्रांतून 'वॉनाक्राय' नांवाची कीड शिरली, आणि इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत हजारों रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. औषध ५९ दिवस फडताळांत पडून होतें!

घाईचें फळ १९ जुलै २०२४ रोजीं दिसलें. क्राउडस्ट्राइक या कंपनीचें एक सदोष अपडेट जगभर एकदम धाडलें गेलें. ७८ मिनिटांनीं तें मागें घेतलें. तेवढ्यांत सुमारें ८५ लाख संगणक बाधित झाले. आपल्याकडेहि कांहीं विमानप्रवाशांस हातानें लिहिलेले पास द्यावे लागले.

यावरून इतकें ठरतें कीं, सर्व अपडेटांस एकच मुहूर्त नाहीं. नुसती नवी सोय आणणारें अपडेट खुशाल महिनाभर थांबावें. छिद्र बुजविणारें मात्र प्रसिद्ध होतांच चोरासहि त्या छिद्राचा पत्ता लागतो. तेथें दिवस मोजावे. तरीहि शितावरून भाताची परीक्षा करावी: प्रथम चाचणीच्या यंत्रावर, मग थोड्यांवर, शेवटीं सर्वांवर. काम थोडें व जाणतीं माणसें हजर, अशी वेळ साधावी. आणि माहितीची प्रत आधीं काढून ती परत बसते हें पाहून ठेवावें. आंत शिरण्याची वाट ठाऊक, बाहेर पडण्याची नाहीं, अशी अभिमन्यूची गत होऊं नये.

साहेबांची भीति आम्हांस समजते. अपडेट बसवून काम अडलें, तर दोष बसविणाऱ्यावर येतो; न बसवितां चोर शिरला, तर तो चोरावर ढकलतां येतो. म्हणून थांबणें निर्धोक वाटतें. परंतु न करणें हेंहि एक कृत्यच आहे. थांबावयाचें तर कां व कोणत्या तारखेपर्यंत, हें वहींत लिहून साहेबांची सही घ्यावी, असें आम्हीं भाच्यास सुचविलें.

दोन दिवसांनीं त्याचा निरोप आला. साहेबांनीं वही वाचली, लेखणी उचलली, पुन्हा खालीं ठेवली आणि म्हणाले, "उद्यां सकाळीं चाचणीच्या यंत्रावर बसवून पाहा."