व्ह्यूजनं पोट भरत नाही, भाऊ!

मंडळी, आज राजकारण नाही. म्हणजे आहे, पण पक्षांचं नाही. आज गाण्यावर बोलतो आणि जरा कडक बोलतो.

मी रॉक ऐकणारा माणूस. कोंढ्यात राहून रॉक ऐकतो म्हणून चौकात टिंगल होते. "का बे, त्या इंग्रजांच्या आरडाओरड्यात तुले काय समजते?" समजते बापा. आपलंच समजते.

रॉकचं मूळ अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या कष्टकऱ्यांच्या गाण्यात आहे. त्या परंपरेतला विली डिक्सन हा मिसिसिपीत जन्मलेला गीतकार. त्याचं एक गाणं मडी वॉटर्सनं १९६२ मध्ये गायलं. १९६९ मध्ये लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडचं 'होल लोटा लव्ह' जगभर गाजलं. त्यात डिक्सनच्या गाण्यातले शब्द होते, त्याचं नाव मात्र नव्हतं. डिक्सननं १९८५ मध्ये दावा ठोकला, १९८७ मध्ये तडजोड झाली. म्हणजे गाणं गाजल्यावर अठरा वर्षांनी माणसाला त्याच्या शब्दांचा मोबदला मिळाला. मला लेड झेपेलिन आजही आवडतो. पण ते गाणं ऐकताना डिक्सन आठवतोच, आणि आठवलाच पाहिजे.

आता अमेरिका सोडा, पवनी तालुक्यात या.

दिवाळी झाली की आपल्याकडे मंडई भरते. दंडार होते, खडी गंमत होते, वडशाच्या कंपन्यांची नाटकं रात्रभर चालतात. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. चांगलं केलं. पण याच पट्ट्यात गाणी लिहिणाऱ्या, चाली बांधणाऱ्या पाच माणसांची नावं आत्ता, मोबाईल न बघता सांगा. नाही ना येत? तिथंच चोरीला जागा होते.

आजकाल आपल्या भागातले पोट्टे माझ्याकडे कागद घेऊन येतात. पत्रकार आहे, वाचून सांगेल म्हणून. कागद असतो गाण्याच्या करारनाम्याचा. एकदाच थोडी रक्कम, आणि त्याबदल्यात गाण्याचे सगळे हक्क 'कायमस्वरूपी, संपूर्ण जगात, आज असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत' कंपनीला. पोट्टा खूश असतो, कारण चॅनेलवर फोटो येणार. पुढं त्यानंच लिहिलेलं, त्यानंच गायलेलं गाणं स्वतःच्या चॅनेलवर टाकलं की कॉपीराइटचा क्लेम येतो. स्वतःच्याच घरात चोर ठरतो तो!

कंपनीवाले म्हणतात, आम्ही पैसा लावतो. बरोबर आहे. स्टुडिओ, शूटिंग, कॅमेरा याला पैसा लागतो आणि तो त्यांनी वसूल करावा. नफाही कमवावा. पण १९९३ मध्ये निर्वाणाचा 'इन युटेरो' अल्बम रेकॉर्ड करणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीची भूमिका बघा. त्याचं म्हणणं होतं, मला नळ दुरुस्त करणाऱ्यासारखी कामाची मजुरी द्या. रॉयल्टी घेणार नाही, गाणं बँडचं आहे. एवढी सचोटी कंपनीकडून मागत नाही मी. पण स्टुडिओचं भाडं भरलं म्हणून गाणाऱ्याची पुढची साठ वर्षं विकत घेता येतात, हे मात्र मान्य नाही.

आणि आपला कायदाही ते मान्य करत नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा कंपनी करारात लिहून काढून घेऊ शकत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, बाकी कोणाला नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून तर ते 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगात' हे शब्द आठवणीनं घालतात. आपले लोक मात्र फक्त रकमेचा आकडा बघतात.

दुसरा युक्तिवाद लय गोड आहे. "अरे, व्ह्यूज तर मिळतात ना! नाव होते ना!" व्ह्यूज दाखवून किराणा मिळतो का हो? स्पॉटिफायनं तर २०२४ पासून नियमच केला की वर्षभरात हजार वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याला रॉयल्टीच नाही. छोट्या गावातल्या छोट्या गायकाचा छोटा वाटाही गेला. मोठ्यांच्या हिशेबात आपण धरलेच जात नाही.

तिसरे म्हणतात, गाणं सगळ्यांचं असते, पैसे कशाला? परंपरेनं आलेलं गाणं खरंच सगळ्यांचं आहे. ते कोणाच्या बापाचं नाही, म्हणून कंपनीच्याही बापाचं नाही. पण काल रात्री जागून एखाद्यानं लिहिलेलं गाणं त्याचं आहे. लग्नाच्या वरातीत गाणी वाजवायला कायद्यानंच सूट दिली आहे, त्यामुळे वरातीवर कर लावा असं मी म्हणत नाही. प्रश्न आपल्या नियतीचा आहे. मंडळ डीजेवाल्याला ॲडव्हान्स मोजते आणि दंडारवाल्याला म्हणते, "चहापाण्याचं बघून घेऊ." काहून? त्याचा घसा फुकटचा आहे?

हे एवढं जीव तोडून का लिहितो, तेही सांगतो. इंडियन ओशन हा दिल्लीचा रॉक बँड. त्यांचं 'मा रेवा' हे मूळचं नर्मदा खोऱ्यातलं लोकगीत. बँडचा राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होता, तिथून ते गाणं आलं. पुढं याच बँडनं कंपन्यांना कंटाळून २०१० मध्ये अख्खा अल्बम इंटरनेटवर फुकट दिला. स्वतःच्या मर्जीनं दिला, हे महत्त्वाचं. फुकट द्यायचं की विकायचं, हे ठरवायचा अधिकार त्यांच्या हातात होता.

आपल्या तालुक्यात गोसीखुर्द आहे. १९८८ मध्ये भूमिपूजन झालं, गावं उठली, शेतं पाण्याखाली गेली. त्या दुःखावर उद्या एखाद्या पुनर्वसित गावातल्या पोरीनं गाणं लिहिलं आणि ते देशभर वाजलं, तर ते कोणाचं असेल? जमीन गेली तेव्हा कागद न वाचता अंगठे दिले गेले. आता गाणंही तसंच जाऊ द्यायचं का?

म्हणून सरळ मागणी. लिहिणाऱ्यांनो, मुदत आणि रॉयल्टी वाचल्याशिवाय सही करू नका. आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था आहे, तिचं सदस्यत्व घ्या. मंडई समित्यांनो, यंदा स्टेजवरून आमदारांच्या नावाआधी गीतकाराचं नाव पुकारा आणि बिदागी त्याच रात्री द्या. आणि ज्याच्याकडे असा करारनामा आला असेल त्यानं मला इनबॉक्स करा. वकील नाही मी, पण कागद सोबत बसून वाचू. पैसे लागणार नाहीत. चहा तुमचा.