विश्लेषण : ठोक्यांची लय बिघडल्यास गोळ्या की ॲब्लेशन?

अचानक छातीत धडधड सुरू होते, दम लागतो, ईसीजी काढल्यावर डॉक्टर ‘एएफ’ म्हणतात. एएफ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. पूर्वी गोळ्यांनी भागलं नाही, तरच ॲब्लेशनचा विषय निघे. २०२३ मध्ये अमेरिकेतील आणि २०२४ मध्ये युरोपातील हृदयरोग संघटनांनी मात्र निवडक रुग्णांत ते सुरुवातीलाच करायला हरकत नाही, असं सांगितलं.

ॲब्लेशनमध्ये काय करतात?

जांघेतील शिरेतून कॅथेटर हृदयापर्यंत नेतात. फुफ्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी चुकीचे विद्युत संदेश उगम पावतात, हे फ्रान्समधील बोर्डो येथील डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवलं. तेवढ्या भागाभोवतीच्या पेशी उष्णतेने किंवा गोठवून निकामी करायच्या, म्हणजे संदेश पुढे जात नाहीत. हृदयाभोवती रक्त साचणं, पक्षाघात असे धोके कमी प्रमाणात असले, तरी आहेत.

मग गोळ्या का नकोत?

नकोत असं नाही. पण ॲमियोडॅरोन दीर्घकाळ घेतल्यास थायरॉईड, यकृत, फुफ्फुसांवर परिणाम होऊ शकतो. फ्लेकेनाइड हृदयाच्या धमन्यांत अडथळे असलेल्यांना चालत नाही. शिवाय २००२ मध्ये आलेल्या ‘अफर्म’ चाचणीत ४,०६० रुग्णांपैकी गोळ्यांनी लय सुधारू पाहणाऱ्यांचं आयुष्य केवळ ठोक्यांचा वेग आवरणाऱ्यांपेक्षा वाढलं नव्हतं.

ॲब्लेशनने आयुष्य वाढतं का?

खरी मेख इथेच आहे. दहा देशांतील २,२०४ रुग्णांवरच्या ‘कबाना’ चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. मृत्यू, गंभीर पक्षाघात, मोठा रक्तस्राव किंवा हृदय बंद पडणं यांपैकी काही ना काही ॲब्लेशन गटात ८ टक्के, तर औषध गटात ९.२ टक्के रुग्णांत घडलं. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक ठोस नाही. मात्र औषध गटातल्या २७.५ टक्के रुग्णांनी पुढे ॲब्लेशनच करून घेतलं, त्यामुळे तुलनाच धूसर झाली. त्रास पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण आणि जगण्याचा दर्जा, या दोन्हींत ॲब्लेशन सरस ठरलं. हृदय कमकुवत झालेल्यांत चित्र वेगळं आहे : ३६३ रुग्णांच्या ‘कॅसल-एएफ’ चाचणीत मृत्यू किंवा हृदय निकामी झाल्याने रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण ४४.६ वरून २८.५ टक्क्यांवर आलं.

तेव्हा ‘आयुष्य वाढेल’ असं सरसकट आश्वासन कुणी देत असेल, तर सावध राहावं. ‘धडधड कमी होईल’ हे आश्वासन जास्त खरं. तेही कायमचं नाही. काहींना दुसऱ्यांदा ॲब्लेशन करावं लागतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुटतात का?

बरेच जण याच आशेने ॲब्लेशनला तयार होतात. पण नंतरचे दोन-तीन महिने त्या सर्वांनाच घ्याव्या लागतात. पुढे निर्णय होतो तो वय, मधुमेह, रक्तदाब, आधीचा पक्षाघात पाहून. ईसीजी सुधारला म्हणून नव्हे.

भारतात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप अरुंद झाल्यामुळेही एएफ होतो. वरील चाचण्यांतले रुग्ण बहुतांशी तसे नव्हते. अशा रुग्णांत आधी झडपेचा विचार करावा लागतो, आणि २०२२ च्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत त्यांच्यासाठी नव्या, महागड्या रिव्हारॉक्सॅबनपेक्षा वॉरफरिनच्या गटातली जुनी, स्वस्त औषधंच चांगली ठरली. मात्र ती घेताना आयएनआरची तपासणी ठरल्या वेळी करून घ्यावीच लागते.