वल्हांडणाची तयारी की सणातला शुक्रवार?

येशूला क्रुसावर कधी दिले, याची दोन तयार उत्तरे मिळतात: शुक्रवार, ७ एप्रिल ३० किंवा शुक्रवार, ३ एप्रिल ३३. पिलात यहूदियाचा कारभार पाहत होता तो काळ, इ. स. २६ ते ३६, इतिहासातून मिळतो. कैसरियाला १९६१ साली त्याच्या नावाचा शिलालेखही सापडला. तिथवर माझे भांडण नाही. भांडण पुढच्या उडीशी आहे: शुभवर्तमानातून तिथी उचलायची, गणिताने अमावास्या काढायची आणि दोन्ही जुळले की मजकूर ‘सिद्ध’ झाला म्हणायचे. वाल्मीकीचे श्लोक संगणकात घालून रामजन्माची तारीख काढणाऱ्यांच्या देशात या उडीला टाळ्या पडणारच.

पण शुभवर्तमाने एक तिथी सांगतच नाहीत. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, आपल्या पंचांगासारखा सूर्योदयाला नाही. मत्तय, मार्क आणि लूक यांच्याकडे शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन. म्हणून रात्रीचे ते जेवण आणि नंतरच्या दुपारचा मृत्यू एकाच तिथीत, निसान १५ ला, येतात. योहानाकडे येशूला घेऊन आलेले लोक पिलाताच्या वाड्यात पाऊल टाकत नाहीत, कारण विटाळ झाला तर वल्हांडणाचे जेवण चुकेल. म्हणजे जेवण अजून व्हायचे आहे. मृत्यू निसान १४ ला, मंदिरात कोकरे कापण्याच्या दिवशी. आणि याच योहानाने पहिल्या अध्यायात येशूला देवाचा कोकरा म्हणवले आहे. तिथी त्याच्या कथेचा अवयव आहे, रोजनिशीतली नोंद नव्हे.

हा फरक मिटवण्यासाठी केवढा आटापिटा! आनी जोबेर यांनी १९५७ साली कुमरानच्या ३६४ दिवसांच्या पंचांगाचा आधार घेऊन ते भोजन मंगळवारी नेले. कॉलिन हम्फ्रीज यांनी २०११ मध्ये दुसरे एक जुने चांद्र पंचांग काढून ते बुधवारी आणले. दोघांचाही अभ्यास दांडगा. पण येशू आणि त्याचे शिष्य वेगळ्या पंचांगाने सण करत होते, असा चारही पुस्तकांत एक शब्द नाही. उलट, तो कोकरू कापण्याचा दिवस होता असे मार्क स्वच्छ सांगतो.

याच हम्फ्रीज यांनी वॉडिंग्टन यांच्यासह १९८३ मध्ये ‘नेचर’मध्ये ३ एप्रिल ३३ चे खंडग्रास चंद्रग्रहण पुढे केले. शास्त्राधार कोणता? पेत्राच्या भाषणातले, चंद्र रक्तासारखा होईल हे वाक्य. पण ते वाक्य पेत्र योएल संदेष्ट्याच्या ग्रंथातून उद्धृत करतो. शतकांपूर्वीच्या भविष्यवाणीला डोळ्यांनी पाहिलेल्या ग्रहणाची साक्ष करायची असेल, तर मग साहित्य वाचायलाच नको.

शिवाय, निसान महिना नुसत्या गणिताने ठरत नसे. चंद्रकोर पाहिल्याची साक्ष लागे. जव पिकले नसतील तर वर्षात एक महिना वाढवत. आपला अधिक मास पंचांगकर्ता आधीच छापून मोकळा होतो. तिथे तो निर्णय त्या त्या वर्षी माणसे घेत. गमलिएलच्या नावाने तोसेफ्तात एक पत्र आहे: कबुतरांची पिले अजून कोवळी, कोकरे लहान, तेव्हा यंदा तीस दिवस वाढवले आहेत. मला या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत लोभस मजकूर वाटतो. संगणक अमावास्या अचूक देईल, पण कोकरे किती वाढली होती हे त्याला कोण सांगणार?

आमच्या धंद्याचा प्रश्न मात्र एका शब्दाशी येऊन ठेपतो. योहान १९:१४ मधला ग्रीक शब्द ‘पारास्केवे’. अर्थ तयारी, आणि शब्बाथाच्या तयारीचा दिवस म्हणून शुक्रवारही. आजच्या ग्रीक भाषेतही शुक्रवारला हेच नाव आहे. ‘वल्हांडणाची तयारी’ म्हटले तर योहान मार्कपासून वेगळा राहतो. ‘वल्हांडण सप्ताहातला शुक्रवार’ म्हटले की दोघांचे जमले! व्याकरणाला दुसराही अर्थ चालून जातो, म्हणूनच तो धोक्याचा; कारण वाड्याबाहेर थांबलेल्या त्या लोकांचे जेवण त्याने होऊन जाते. समेट घडवायचे काम अनुवादकाकडे कुणी दिले? एका संपादकांनी मला सुचवले होते, तळटीपेत निश्चित तारीख द्या, वाचक गोंधळतात. मी ‘वल्हांडणाच्या तयारीचा दिवस’ असे ठेवले आणि तारखेची तळटीप दिली नाही. वाचकाने मार्क उघडावा, दिवस मोजावेत आणि खुशाल गोंधळावे.