एसीची कुरबुर वेळीच ऐकावी



घरातील माणूस अंथरुणाला खिळण्यापूर्वी त्याचा चेहरा बोलू लागतो. जेवणावरून मन उडते, आवाज खोल जातो, पायऱ्या चढताना धाप लागते. घरची गृहिणी हे सारे टिपते आणि वैद्याकडे जाण्याचा आग्रह धरते. घरातील यंत्रांचेही बहुधा असेच असते. ‘काल चांगले होते, आज एकाएकी बंद पडले’ असे आपण म्हणतो खरे. परंतु ते यंत्र कित्येक दिवस आपल्या परीने गाऱ्हाणे सांगत असते आणि आपण त्याकडे कानाडोळा केलेला असतो. आज वातानुकूलन यंत्राविषयी, म्हणजे ज्याला आपण सारे एसी म्हणतो त्याविषयी, चार गोष्टी सांगण्याचे योजिले आहे.

सुप्याच्या डोंगराळ मुलखात एसीची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. जोयडे तालुक्यातील रानातल्या कौलारू घरांना त्याची गरज नाही, हे मान्य. परंतु आपली मुलेबाळे आता गोव्यात, कारवारला, बेळगावला, पुण्या-मुंबईस राहतात. आणि रामनगरसारख्या वस्तीतही स्लॅबची घरे चैत्र-वैशाखात तापतात. शिवाय वृद्ध व आजारी माणसांना अति उष्मा सोसत नाही. त्यांच्या खोलीतील एसी ही चैन राहत नाही, शुश्रूषेचा भाग होतो.

अशाच एका घरातील हकिकत सांगतो. आमच्या नात्यातील एक आत्याबाई रामनगरला राहतात. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचे मूळ घर जुन्या सुप्याचे. छातीच्या दुखण्यानंतर उकाडा सोसेना, म्हणून गोव्यात नोकरीस असलेल्या नातवाने त्यांच्या खोलीत एसी बसवून दिला. दोन वर्षे तो उत्तम चालला. तिसऱ्या उन्हाळ्यात मी भेटीस गेलो, तेव्हा त्याच्या खाली एक पितळी तपेले मांडलेले दिसले.

“वहिनी, हे काय?” मी सूनबाईंना विचारले.

“काही नाही हो भाऊजी, महिनाभर जरा ठिबकते आहे. ते पाणी तुळशीच्या नि मोगऱ्याच्या कुंडीत घालते,” त्या हसून म्हणाल्या. “गार व्हायलाही अलीकडे वेळ लागतो. पण चालतो आहे ना, म्हणून राहू दिले.”

मीही त्यावर अधिक काही बोललो नाही, ही माझी चूक. पंधरा दिवसांनी एका पहाटे सूनबाईंना जळके वास आले. धावत जाऊन पाहतात तो आत्याबाईंच्या खोलीतील प्लग वितळू लागलेला आणि भिंतीवरील सॉकेट काळे पडलेले. त्यांनी तत्काळ मेन स्विच बंद केला म्हणून अनर्थ टळला. आत्याबाईंना आधाराशिवाय उठता येत नाही. त्या शांत झोपलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने यंत्र उघडून जे सांगितले ते ऐकून सर्वजण खजील झाले. आतील जाळी धुळीने गच्च भरली होती. हवा जाईना म्हणून कॉइलवर बर्फ धरत होता आणि तो वितळून पाणी आत सांडत होते. खोली थंड होत नाही म्हणून यंत्र रात्रभर अखंड धावत होते. त्यातच प्लग सॉकेटमध्ये सैल बसलेला. तासन् तास वीज ओढली गेल्याने तो तापत गेला. जाळी धुण्यास पाच मिनिटे लागतात. प्लग बदलण्यास फार तर अर्धा तास. एवढ्याशा दोन दोषांनी एक जीव धोक्यात आणला होता.

हे समजण्यासाठी एसीचे काम थोडक्यात ध्यानी घ्यावे. एसी थंडी निर्माण करीत नाही. तो खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकतो. आतील थंड कॉइलवरून पंखा खोलीतील हवा फिरवतो. त्या कॉइलमधील गॅस उष्णता शोषून घेतो. बाहेरच्या युनिटमधील कॉम्प्रेसर तो गॅस दाबतो, बाहेरची कॉइल व पंखा त्याची उष्णता हवेत सोडतात, आणि गॅस पुन्हा आत येतो. तोच गॅस बंद नळीत फिरत राहतो. ‘दीड टनाचा एसी’ असे आपण म्हणतो ते वजन नव्हे. चोवीस तासांत सुमारे ९०७ किलो बर्फ वितळण्यास जितकी उष्णता लागते, तितकी उचलण्याची शक्ती म्हणजे एक टन.

थंड कॉइलवर हवेतील बाष्प साचते, हाही या यंत्राच्या कामाचाच भाग होय. १९०२ साली विलिस कॅरियर या अमेरिकन अभियंत्याने ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी आपली पहिली योजना आखली, ती माणसांना गारवा देण्यासाठी नव्हे. दमट हवेने कागद फुगत असे व रंगांची छपाई बिघडत असे, म्हणून हवेतील ओल काढावयाची होती. तेव्हा एसीचे पाणी नळीवाटे घराबाहेर ठिबकत असेल तर ते यंत्राच्या निरोगीपणाचे लक्षण. तेच पाणी घरात भिंतीवरून ओघळू लागले तर दुखण्याचे.

आता एकेक खुणा पाहू.

पहिली खूण, गारवा कमी होणे. पूर्वी पंधरा-वीस मिनिटांत खोली निवत असे, आता तासभर लागतो, हे घरातील माणसांस सहज कळते. खात्री करावयाची असल्यास साधा हवेचा थर्मामीटर घ्यावा. यंत्र पंधरा मिनिटे चालल्यावर आत ओढल्या जाणाऱ्या हवेचे व बाहेर फेकल्या जाणाऱ्या हवेचे तापमान मोजावे. दोहोंत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असावा. तो फारच कमी भरला तर काहीतरी बिघडले आहे. मात्र तत्पूर्वी रिमोटवर थंडाव्याचीच खूण आहे ना, कोणी नुसत्या पंख्यावर तर ठेवले नाही ना, दारे-खिडक्या बंद आहेत ना, विजेचा दाब उतरलेला नाही ना, हे पाहावे. मेकॅनिकला बोलावून रिमोट नीट करून घेण्याची पाळी अनेकांवर आलेली आहे!

दुसरी खूण, वाऱ्याचा जोर मंदावणे. बहुधा जाळी भरलेली असते. उन्हाळ्यात दर पंधरवड्यास ती काढून साध्या पाण्याने धुवावी, सावलीत वाळवावी व पूर्ण कोरडी झाल्यावरच बसवावी. हे काम घरातील शाळकरी मुलासही शिकवता येते.

तिसरी खूण, कॉइलवर किंवा नळीवर बर्फ धरणे. बर्फ पाहून ‘काय झकास गारवा आहे’ असे समजू नये. हवा अडली आहे किंवा गॅस कमी पडला आहे, असा त्याचा अर्थ. अशा वेळी थंडावा बंद करून केवळ पंखा चालू ठेवावा व बर्फ आपोआप वितळू द्यावा. सुरीने वा चमच्याने खरवडू नये. नळीला भोक पडले तर लहान दुखण्याचे मोठे होईल. जाळी धुऊनही पुन्हा बर्फ धरल्यास जाणकारास बोलवावे.

चौथी खूण, घरात पाणी ठिबकणे. निचऱ्याच्या नळीत शेवाळ, चिखल वा किडे साचले असतील, नळीचा उतार बिघडला असेल, अथवा वर सांगितल्याप्रमाणे बर्फ वितळत असेल. तपेले मांडणे हा उपाय नव्हे. भिंत भिजते, भिंतीत विजेची तार असते, आणि ओल व वीज यांचे सख्य कधीच बरे नसते.

पाचवी खूण, आवाज. प्रत्येक यंत्राचा आपला एक नेहमीचा सूर असतो व घरच्यांच्या कानांस तो परिचित असतो. त्यात खडखड आली तर एखादा स्क्रू ढिला झालेला असावा. किंचाळल्यासारखा आवाज आला तर पंख्याची मोटर वा बेअरिंग झिजले असावे. बाहेरचे युनिट नुसते घुमते आणि सुरू होत नाही, तर कपॅसिटर किंवा कॉम्प्रेसर कुरकुरतो आहे असे समजावे. दोन-तीन मिनिटांच्या अंतराने कॉम्प्रेसर सुरू-बंद होत राहणे हेही वाईट लक्षण. इन्व्हर्टर जातीचे यंत्र मात्र खोली निवल्यावर पूर्ण न थांबता गती कमी करते, हे लक्षात ठेवावे.

सहावी खूण, वास. कुबट वास आला तर कॉइलवर बुरशी धरली आहे. दम्याच्या रोग्यास व तान्ह्या बाळास ती अपायकारक. परंतु जळका वास आला, प्लग हातास गरम लागला, सॉकेटचा रंग पालटला किंवा एमसीबी वारंवार पडू लागला, तर एक क्षणही थांबू नये. मेन स्विच बंद करावा व दुरुस्तीवाचून यंत्र पुन्हा लावू नये. पडलेला एमसीबी पुनःपुन्हा वर करणे म्हणजे घराची राखण करणाऱ्या कुत्र्याचे तोंड बांधणे होय.

सातवी खूण विजेच्या बिलात असते. बिल रुपयांनी तोलू नये, कारण दर बदलतात. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचे युनिट पाहावे. दीड टनाचे यंत्र पूर्ण जोराने चालताना तासाला सुमारे दीड युनिट वीज घेते. जाळी भरल्यामुळे ते रोज दोन तास जास्त धावले, तर महिन्याला नव्वद युनिट फुकट गेले!

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. कारवार, गोवा येथील खारी हवा बाहेरच्या युनिटच्या पत्र्यांस व नळ्यांस खाऊन टाकते. तेथे पांढरी-हिरवी पुटे किंवा तेलकट डाग दिसले तर गॅस गळत असण्याचा संभव असतो. आपल्या भागात पावसाळ्यात बंद राहिलेल्या युनिटमध्ये मुंग्या, पाली, गांधीलमाश्या घर करतात; हंगामापूर्वी ते तपासून घ्यावे. बाहेरचे युनिट कोंदट कोनाड्यात ठेवू नये व त्यावर सामान रचू नये.

गॅसविषयी एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. ‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ असे काही मेकॅनिक सांगतात. ते खरे नव्हे. गॅस स्वयंपाकाच्या गॅससारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे. म्हणून “बाबा रे, गळती कोठे आहे ती आधी दाखव,” असे विनम्रपणे पण ठामपणे म्हणावे. चांगला कारागीर नळीत नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाचा फेस लावून गळती शोधतो, ती सांधतो, नळीतील हवा पंपाने ओढून घेतो आणि मग वजन करून गॅस भरतो. कोणता गॅस लागतो हे यंत्रावरील पट्टीवर लिहिलेले असते. जुन्या यंत्रांतील आर-२२ गॅस ओझोनच्या थरास हानिकारक आहे. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार आपला देश तो २०३० पर्यंत हद्दपार करीत आहे. नव्यांपैकी आर-३२ सौम्य ज्वालाग्राही, तर आर-२९० म्हणजे प्रोपेन चांगलाच ज्वालाग्राही आहे. म्हणून हे काम शेजारच्या हौशी मुलाकडून करवून घेऊ नये. यंत्र बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, म्हणून घरच्यांनीही झाकण उघडू नये. जाळी धुणे आपले काम, त्यापुढचे जाणकाराचे.

आणि तापमान? २०२० पासून आपल्या देशात नवीन एसी सुरू करताच २४ अंशांवर येतात, असा नियम आहे. एक अंश वर ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. सोबत पंखा लावला तर २५-२६ अंशांतही सुखाची झोप येते.

आत्याबाईंच्या घरी आता नवा सॉकेट बसला आहे. दर दुसऱ्या रविवारी धाकटा पणतू स्टुलावर चढून जाळी काढतो. मागच्या खेपेस मी गेलो, तेव्हा आत्याबाई त्यास जवळ बसवून सांगत होत्या. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर त्यांचे गाव होते. तालुक्याची कचेरी तेथेच होती. गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचे धरण उभे राहिले आणि सुपा पाण्याखाली गेले; माणसे रामनगरला आली, कचेरी जोयड्याला गेली. त्या धरणाचे पाणी पायथ्याच्या वीजघरात आणि पुढे नागझरीच्या वीजघरात चाके फिरवते, आणि ती वीज सगळीकडे जाते.

“आमचे घर या विजेपायी गेले, बाळा,” त्या म्हणाल्या. “हवी तेवढी वापर. पण वाया घालवू नकोस.”

वाचकहो, आपल्या घरी एसी असेल तर आज संध्याकाळी एवढेच करा. जाळी काढून पाहा, यंत्र अर्धा तास चालवून बंद करा व प्लगला हात लावून पाहा, आणि दोन मिनिटे गप्प राहून त्याचा आवाज ऐका. काही कुरबुर असेल तर ती आजच कळेल. आणि आज कळली तर थोडक्यात निभावेल.