‘घेऊन या’ म्हणणाऱ्यांना

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि आमच्या महापालिकेचे आरोग्य अधिकारी



माझी आई ७८ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून ती अंथरुणाला खिळून आहे. वाचाही गेली. लघवीसाठी कायमची नळी आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही.

गेल्या महिन्यात एका रात्री ११ च्या सुमारास ती नळी तुंबली. पिशवी कोरडी, ओटीपोट फुगून टणक झालेलं आणि आई नुसती कण्हत होती. नेहमीच्या डॉक्टरांचा फोन बंद होता. दोन दवाखान्यांतून एकच उत्तर आलं, ‘पेशंटला घेऊन या.’ घरी परिचारिका पाठवणाऱ्या एका संस्थेनं सकाळी ८ नंतरची वेळ दिली. १०८ वरची मुलगी आपुलकीनं बोलली, पण ती गाडी रुग्णाला रुग्णालयात नेण्यासाठी असते. घरी येऊन नळी बदलणं तिच्या कामात बसत नाही.

शेवटी शेजारची मुलं धावून आली. आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चादरीनं बांधलं आणि तीन मजले उतरवलं. रुग्णालयात परिचारिकेनं नळी बदलली. दहा मिनिटं लागली. पहाटे त्याच खुर्चीतून आई वर आली, तेव्हा पाठीवरची भरत आलेली जखम पुन्हा उघडली होती.

साहेब, आपल्या देशात ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी आरोग्य कर्मचाऱ्यांनी जावं, हे त्यात लिहिलेलं आहे. केरळनं २००८ मध्ये उपशामक सेवेचं धोरण आखलं. तिथे प्रशिक्षित परिचारिका पंचायतीमार्फत घरोघरी जातात. म्हणजे हे होऊ शकतं. आमच्या वस्तीत मात्र कुणी आलेलं नाही.

माझ्या मागण्या तीनच आहेत. कोणत्या घरात कोण अंथरुणावर आहे, हे आशाताईंना ठाऊक असतं. त्यांच्याकडून प्रत्येक वॉर्डाची यादी करून घ्या. त्या यादीतल्या घरांसाठी रात्री एक परिचारिका आणि फोनवर एक डॉक्टर ठेवा. आणि असा रुग्ण घरी सोडताना नळी, पिशवी, जखम कशी सांभाळायची, हे घरच्यांना हाताला धरून शिकवा. नुसता कागद देऊ नका.

रुग्णालय बांधणं मोठं काम आहे, ते करालच. पण जो रुग्ण कूसही बदलू शकत नाही, त्याच्यापर्यंत रुग्णालयानंच यायला हवं.

आईची नळी पुन्हा तुंबेल. त्या रात्री मी फोन करीन, तेव्हा पलीकडून ‘आम्ही येतो’ एवढं ऐकू यावं, ही विनंती.

आपला,
एका अंथरुणाला खिळलेल्या आईचा मुलगा